सोसायटीच्या ॲपसाठी आयकॉनचा स्वतःचा टॅग: चित्र काढण्यापासून छापील बिलापर्यंत

वाघोली, उंड्री किंवा बाणेरकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीचं ॲप डोळ्यांपुढे आणा. पहिल्याच स्क्रीनवर पाण्याचा टँकर, घंटागाडी, ओला कचरा, सुका कचरा, लिफ्ट, पाहुण्यांचं पार्किंग, मेंटेनन्स अशी आठ-दहा चिन्हं लागतात. तीच चिन्हं गेटवरच्या वॉचमनच्या टॅबवर हवीत, सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर हवीत आणि महिन्याच्या बिलावरही हवीत. प्रत्येक जण आपापल्या पानात एसव्हीजी (रेषा-आकार निर्देशांकांनी लिहिलेलं चित्र) चिकटवत गेला, की सहा महिन्यांत एकाच टँकरची चार रूपं तयार होतात. एक जाड रेषेचं, एक बारीक, एक निळं, आणि एक डार्क मोडमध्ये न दिसणारं. यावर उपाय म्हणजे आयकॉनसाठी स्वतःचा एक टॅग बनवणं. तो एकदा नीट बनवला की रिॲक्ट, व्ह्यू अशी वेबची फ्रेमवर्कं असोत की साधं एचटीएमएल, सगळीकडे तोच चालतो.

पुढे जे काही सांगितलं आहे त्याचं सूत्र एकच आहे: आयकॉनला चित्रासारखं वागवू नका, अक्षरासारखं वागवा. अक्षर आपला रंग ओळीकडून घेतं, आकार ओळीकडून घेतं आणि ओळीत सरळ बसतं. आयकॉननेही तेच करायचं.

टाइप करताना एक लक्षात ठेवा. या लेखात कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते रोमन लिपीतच लिहायचे, आणि आकडेही इंग्रजीच वापरायचे. सीएसएसला देवनागरी १ हा आकडा म्हणून कळत नाही. तो अख्खी ओळच सोडून देतो आणि कसली एररही दाखवत नाही.

टॅगला काय विचारायचं आणि काय नाही

कोड लिहायला बसण्याआधी टॅग किती गोष्टी ऐकणार ते ठरवा. आमचं मत स्पष्ट आहे: ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्येच लिहायच्या सूचना, दोनच ठेवा. `नेम` म्हणजे कोणतं चित्र, आणि `लेबल` म्हणजे स्क्रीन रीडरने (न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीने) काय वाचायचं. आकार, रंग आणि रेषेची जाडी सीएसएसकडे सोपवा.

<सो-आयकॉन नेम="टँकर" लेबल="पाण्याचा टँकर"></सो-आयकॉन>

आकारासाठी `साइज="लार्ज"` असं ॲट्रिब्यूट द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा. लार्ज म्हणजे २४ की ३२ यावर पुढे प्रत्येक टीमचं वेगळं मत पडतं, मग एक्स्ट्रा-लार्ज येतं, आणि वर्षभरात टॅगच्या आत सात मापं येऊन बसतात. मापं डिझाइनच्या सीएसएस फाइलमध्ये राहू द्या. टॅगच्या पोटात ती नकोत.

नावाचे नियम कडक आहेत. कस्टम एलिमेंटच्या, म्हणजे अशा स्वतः बनवलेल्या टॅगच्या, नावात जोडरेघ हवीच, पहिलं अक्षर रोमन लिपीतलं छोटं हवं आणि कॅपिटल अक्षर कुठेही चालत नाही. नुसतं `आयकॉन` असं नाव दिलंत तर ब्राउझर नोंदणीच नाकारतो.

चित्रांची नावंही रोमन, छोट्या अक्षरांतच ठेवा. देवनागरी फाइलनावं चालतात, पण त्रास देतात. यूआरएलमध्ये देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना किंवा मात्रा ३ बाइटची होते आणि टक्क्यांच्या चिन्हांसकट ९ अक्षरं खाते. दुसरी अडचण खास मराठी आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच संकेतांक म्हणून, किंवा र आणि खालचा नुक्ता असे दोन मिळून. डोळ्याला फरक दिसत नाही. कोडला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि ‘फाइल आहे, तरी सापडत नाही’ या कोड्यात अर्धा दिवस जातो. मराठी शब्दाची जागा `लेबल`मध्ये आहे, तिथे तो मोकळेपणाने लिहा.

चित्र काढताना: २४ चौकोनांची वही

मटेरियल आयकॉन अपाचे २.० परवान्याखाली आणि फेदर एमआयटी परवान्याखाली मिळतात. लिफ्ट, पार्किंग, घंटा अशा चिन्हांसाठी ते बिनदिक्कत वापरा, फक्त परवान्याचा मजकूर प्रोजेक्टमध्ये ठेवा. पण दोन संचांची मिसळ करू नका. एक भरीव आणि एक रेषेचा असे शेजारी आले की पान ठिगळ लावल्यासारखं दिसतं. घंटागाडी, टँकर, वर्गणीची पावती ही आपली चिन्हं मात्र स्वतःच काढावी लागतात.

व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राच्या निर्देशांकांची चौकट, ‘० ० २४ २४’ घ्या. रेषा २ जाडीची, टोकं आणि कोपरे गोल. चारही बाजूंनी २ एककं मोकळी सोडायची. रेषा तिच्या मध्यापासून दोन्हीकडे १-१ एकक पसरते, म्हणून मधली रेघ ३ ते २१ या हद्दीतच फिरवायची.

आता टँकर काढू. टाकी म्हणजे गोल कोपऱ्यांचा आयत: एक्स ३, वाय ६, रुंदी १०, उंची ७, कोपऱ्याची त्रिज्या ३.५. त्रिज्या उंचीच्या निम्मी असल्यामुळे दोन्ही टोकं पूर्ण गोल होतात आणि साधा ट्रक न वाटता टाकी वाटते. केबिनची सुरुवात (१६, ८) पासून करा. तिथून २ एककं उजवीकडे, मग तिरकी काच (२१, १२) पर्यंत, सरळ खाली (२१, १६), डावीकडे (१६, १६), आणि आकृती बंद. चाकं दोन: केंद्र (८, १८) आणि (१८, १८), त्रिज्या २.

टाकीची उजवी मधली रेघ १३ वर आहे, म्हणजे तिची बाहेरची कड १४ वर. केबिनची डावी कड १५ वर. मधे बरोबर १ एकक फट राहते. टाकीची खालची कड १४, चाकाची वरची कड १५, तिथेही तेवढीच फट. या फटी हव्यातच. त्यांवाचून आयकॉन २४ पिक्सेलला ठीक दिसतो, पण लहान झाला की टाकी, केबिन आणि चाक मिळून एक काळा गोळा होतो. टाकीवर पाण्याचा थेंब काढायचा विचार मनात येईल. थेंबाला आत फक्त ५ एककं उंची मिळते आणि त्यातली २ तर रेषाच खाते. थेंब सोडून द्या.

पूर्णांक निर्देशांकांचा आग्रह धरण्याचं कारण असं: २४ पिक्सेलला २ जाडीच्या रेषेच्या दोन्ही कडा पिक्सेलच्या सीमेवर येतात आणि रेषा धारदार दिसते. २० पिक्सेलला तीच रेषा १.६७ पिक्सेलची होते आणि कडा धुरकट पडतात. स्वस्त फोन आणि जुन्या मॉनिटरवर हे लगेच दिसतं. ब्राउझरचा मूळ फॉन्ट १६ पिक्सेलचा असतो, म्हणून बटणांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ देऊन १.५ईएम (१ईएम म्हणजे तिथल्या फॉन्टचा आकार), म्हणजे नेमके २४ पिक्सेल, हे माप सोयीचं पडतं.

फाइल धुऊन घ्या

इंकस्केपमधून आलेली एसव्हीजी जशीच्या तशी वापरू नका. तिच्यात सोडीपोडीची ॲट्रिब्यूटं, मेटाडेटा, लपवलेले लेअर असं बरंच सामान असतं. एसव्हीजीओ हे साधन ते काढून टाकतं, पण त्याच्या जुन्या आवृत्त्या मूळ सेटिंगमध्ये व्ह्यूबॉक्ससुद्धा उडवतात. व्ह्यूबॉक्स गेला की चित्र मोठं-लहान होत नाही. चौकट वाढते, चित्र डाव्या कोपऱ्यात तेवढंच बसून राहतं. सेटिंग फाइलमध्ये व्ह्यूबॉक्स राखायला स्पष्ट सांगा.

यानंतर हाताने तीन गोष्टी काढा: एसव्हीजी टॅगवरची विड्थ आणि हाइट, आतले सगळे ठरावीक रंग, आणि आयडी. एकही रंग राहिला तर डार्क मोडमध्ये नेमका तोच भाग काळ्यावर काळा होऊन बसतो.

डिझायनरला दोन सूचना आधीच द्या. चिन्हात ‘पा’ किंवा ‘₹’ असं अक्षर असेल तर ते ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करूनच पाठवायचं. नाहीतर त्यांच्या मशीनवर असलेला फॉन्ट वॉचमनच्या टॅबवर नसतो आणि मात्रा भलतीकडे सरकते. उलट ‘स्ट्रोक टू पाथ’ मात्र करायचं नाही. तसं केलं की रेषा ही रेषा उरत नाही, भरीव आकार होतो; मग आपण वरून दिलेली २ जाडीची रेषा त्याच्या कडेने फिरते आणि चिन्ह गुबगुबीत दिसतं. एकाच संचातली चार-पाच चिन्हं अचानक जाड दिसू लागली तर पहिला संशय यावरच घ्या.

टॅगची नोंदणी

‘एचटीएमएलएलिमेंट’पासून क्लास वाढवा. वर स्टॅटिक ‘ऑब्झर्व्हड-ॲट्रिब्यूट्स’मध्ये `नेम` आणि `लेबल` ही दोन नावं द्या. यात नाव नसलेल्या ॲट्रिब्यूटचा बदल टॅगला कळत नाही. पहिल्यांदा चित्र येतं पण नाव बदलल्यावर तेच राहतं, अशी तक्रार आली की इथे बघा.

कन्स्ट्रक्टरमध्ये एवढंच करायचं: सुपर बोलवा, ओपन मोडचा शॅडो रूट (टॅगच्या आतली, बाहेरच्या सीएसएसपासून वेगळी जागा) जोडा, आणि सगळ्या आयकॉनसाठी मिळून एकदाच बनवलेली स्टाइलशीट ‘अडॉप्टेड-स्टाइलशीट्स’मध्ये लावा. एका पानावर टँकरच्या फेऱ्यांच्या २०० नोंदी असतील तर २०० स्टाइल टॅग तयार होण्याऐवजी एकच शीट सगळ्यांत वाटली जाते. ही सोय क्रोममध्ये ७३, फायरफॉक्समध्ये १०१ आणि सफारीमध्ये १६.४ या आवृत्तीपासून आहे. त्याहून जुनी उपकरणं सांभाळायची असतील तर शॅडो रूटमध्ये साधा स्टाइल टॅग टाका. जड पडतो, पण चालतो.

कन्स्ट्रक्टरमध्ये स्वतःवर ॲट्रिब्यूट लावू नका, क्लासही जोडू नका. एचटीएमएलमध्ये लिहिलेला टॅग कदाचित तरीही चालेल, पण ‘क्रिएटएलिमेंट’ने बनवताना ब्राउझर एरर देतो. म्हणजे साध्या पानावर सगळं ठीक आणि रिॲक्टमध्ये बंद, असा चकवा तयार होतो.

‘ॲट्रिब्यूटचेंज्ड-कॉलबॅक’मध्ये जुनी आणि नवी किंमत सारखी असेल तर तिथूनच परत फिरा, नाहीतर ‘काढ’ हे आपलं फंक्शन बोलवा. ‘काढ’चं काम असं: नाव वाचायचं, चिन्हांच्या तक्त्यात शोधायचं, सापडलं तर शॅडो रूटमध्ये एसव्हीजी भरायची. सापडलं नाही तर कन्सोलवर नावासकट इशारा द्यायचा आणि तुटक रेषेचा रिकामा चौकोन दाखवायचा. काहीच न दाखवण्यापेक्षा चौकोन बरा. जागा धरून राहतो आणि टेस्टिंगमध्ये नजरेत भरतो.

एसव्हीजी कोडने बनवत असाल तर ‘क्रिएटएलिमेंट-एनएस’ वापरा. साध्या ‘क्रिएटएलिमेंट’ने बनवलेला एसव्हीजी टॅग इन्स्पेक्टरमध्ये अगदी बरोबर दिसतो, पण ब्राउझरच्या लेखी तो अनोळखी एचटीएमएल टॅग असतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही.

शेवटी नोंदणी. आधी ‘कस्टमएलिमेंट्स-गेट’ने नाव घेतलेलं आहे का ते तपासा, मगच ‘डिफाइन’ करा. एकाच पानात दोन बंडलांतून हीच फाइल आली, तर दुसरी नोंदणी एरर देते आणि त्या बंडलाचं पुढचं काम तिथेच थांबतं.

ओळीत बसवणं, आणि शिरोरेखेचा हिशोब

कस्टम टॅग मुळात इनलाइन असतो, त्यामुळे त्याला रुंदी-उंची लागूच होत नाही. शॅडो रूटच्या स्टाइलमध्ये `:होस्ट`ला ‘इनलाइन-ब्लॉक’ करा. रुंदी आणि उंची दोन्ही `व्हार(--आयकॉन-साइज, १ईएम)` ठेवा. लगोलग ‘फ्लेक्स: नन’ लिहा. ही ओळ राहिली तर ‘पाहुण्यांच्या पार्किंगची थकबाकी’ असा लांब मजकूर शेजारी आला की अरुंद फोनवर आयकॉन दाबला जाऊन चिमटतो. आतल्या एसव्हीजीला ‘ब्लॉक’ करा आणि १०० टक्के रुंदी-उंची, ‘फिल: नन’, ‘स्ट्रोक: करंटकलर’, जाडी `व्हार(--आयकॉन-रेषा, २)` द्या.

आता उभी जुळणी. इंग्रजी लेखांत ‘व्हर्टिकल-अलाइन: -०.१२५ईएम’ हा आकडा सर्रास दिलेला असतो. तो रोमन अक्षरांसाठी आहे. आपलं अक्षर शिरोरेखेला लटकतं. त्याचं अंग शिरोरेखा आणि तळरेषा यांच्या मधे असतं, वेलांटी-मात्रा वर जातात, उकार खाली. आयकॉनचा मध्य या अंगाच्या मध्यावर आला तरच तो ओळीतला वाटतो. नाहीतर शब्दाशेजारी तो किंचित उडालेला दिसतो. नेमकं काय चुकलंय ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकत राहतं.

फॉन्टनुसार शिरोरेखेची उंची बदलते, म्हणून ती मोजायची. ‘घर’ हा शब्द १०० पिक्सेलमध्ये लिहा, स्क्रीनशॉट घ्या, तळरेषेपासून शिरोरेखेच्या वरच्या कडेपर्यंत किती पिक्सेल भरतात ते बघा. समजा ६२ भरले, तर उंची ०.६२ईएम. अंगाचा मध्य तळापासून ०.३१ईएम. आयकॉन तळरेषेवर उभा असतो तेव्हा १ईएम आकाराला त्याचा मध्य ०.५ईएम वर असतो. म्हणजे त्याला ०.१९ईएम खाली ओढायचं. आकार १.५ईएम असेल तर मध्य ०.७५ वर, म्हणून ०.४४ईएम खाली. हे दर वेळी हाताने मोजत बसू नका, सीएसएसलाच करू द्या:

व्हर्टिकल-अलाइन: कॅल्क((व्हार(--शिरो, ०.६२ईएम) - व्हार(--आयकॉन-साइज, १ईएम)) / २);

`--शिरो` हे व्हेरिएबल फॉन्टच्या नावाजवळच लिहून ठेवा, म्हणजे उद्या मुक्ताऐवजी नोटो सॅन्स देवनागरी आला तर दोन्ही एकत्र बदलले जातील. तपासायला ‘घर’बरोबर ‘कुलूप’ आणि ‘वर्गणी’ हे शब्दही ठेवा. पहिल्यात खाली उकार, दुसऱ्यात वर रफार आणि वेलांटी, दोन्ही बाजूंची परीक्षा होते. आतली एसव्हीजी ‘ब्लॉक’ करायला सांगितली त्याचं कारणही इथेच आहे. ती इनलाइन राहिली तर टॅगच्या आत मजकुराची अदृश्य ओळ तयार होते, तळरेषा तिच्यावरून ठरते आणि वरचा सगळा हिशोब चुकतो.

टॅगच्या आत आणखी एक नियम हवा: `:होस्ट([हिडन])`ला ‘डिस्प्ले: नन’. आपण ‘इनलाइन-ब्लॉक’ लिहिल्यामुळे ब्राउझरचा लपवण्याचा मूळ नियम हरतो, आणि हिडन लावूनही आयकॉन तसाच दिसत राहतो. शिवाय मुख्य पानाच्या सीएसएसमध्ये ‘अद्याप नोंदणी न झालेल्या’ टॅगसाठी, म्हणजे `:नॉट(:डिफाइन्ड)`साठी, तेवढीच जागा राखून ठेवा. नाहीतर स्क्रिप्ट येईपर्यंत मजकूर डावीकडे असतो आणि आयकॉन आल्यावर दचकून उजवीकडे सरकतो.

४८ पिक्सेलचा मोठा आयकॉन हवा असेल तर रेषाही दुप्पट, ४ पिक्सेल होते. ती २ च ठेवायची असेल तर ‘व्हेक्टर-इफेक्ट: नॉन-स्केलिंग-स्ट्रोक’ वापरा. हा गुण वारशाने खाली उतरत नाही, म्हणून एसव्हीजीवर न लावता आतल्या प्रत्येक आकारावर लावायचा. लहान मापांना तो लावू नका, १६ पिक्सेलला २ पिक्सेलची रेषा सगळ्या फटी बुजवून टाकते.

रंग

‘करंटकलर’मुळे आयकॉन शेजारच्या मजकुराचाच रंग घेतो. बटणावर बोट ठेवल्यावर, डार्क मोडमध्ये, बंद केलेल्या बटणावर, कुठेही वेगळा नियम लिहावा लागत नाही. आयकॉनला दुसरा रंग हवा असेल, जसा टँकरच्या टाकीत फिकट निळा, तर त्या आकाराला `फिल: व्हार(--आयकॉन-दुय्यम, नन)` द्या. शॅडो रूटच्या भिंतीतून बाहेरचे साधे नियम आत जात नाहीत, पण सीएसएस व्हेरिएबल जातात. आपण ही एवढीच खिडकी उघडी ठेवतो.

ओला आणि सुका कचरा आपण हिरव्या-निळ्या डब्यांनी ओळखतो, म्हणून एकच डबा दोन रंगांत रंगवावासा वाटतो. तसं करू नका. रंगांधळ्या माणसाला, कृष्णधवल छपाईला आणि उन्हात धरलेल्या फोनला तो फरक कळत नाही. ओल्यावर पान आणि सुक्यावर बाटली असा आकारातच फरक करा, रंग त्यावर वाढीव.

डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुलभतेच्या मानकाप्रमाणे अर्थ सांगणाऱ्या चिन्हाचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ३:१ हवा. इशाऱ्यासाठी सगळ्यांना आवडणारा हळदी पिवळा (लाल २५५, हिरवा १९३, निळा ७) पांढऱ्यावर फक्त १.६ च्या आसपास भरतो. गेटवर दुपारच्या उन्हात तो दिसतच नाही. गडद तपकिरी (१४६, ६४, १४) ७ च्या वर जातो आणि इशाऱ्याचा भावही राखतो.

लेबल कुणाला द्यायचं

`लेबल` दिलं असेल तर आतल्या एसव्हीजीला ‘रोल: इमेज’ या अर्थाचं `इमग` आणि ‘एरिया-लेबल’ लावा (यातला एरिया रोमनमध्ये ए-आर-आय-ए). दिलं नसेल तर ‘एरिया-हिडन’ ट्रू करा. अधलीमधली स्थिती ठेवू नका.

बटणावर ‘टँकर मागवा’ असं लिहिलेलंच आहे आणि आयकॉनलाही ‘टँकर’ लेबल दिलं, तर अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर टॉकबॅक ‘टँकर टँकर मागवा’ वाचतो. तिथे आयकॉन मुका ठेवा. नुसत्या आयकॉनचं बटण असेल तर नाव बटणावरच द्या, आयकॉन पुन्हा मुका. मग `लेबल` लागतं कुठे? तक्त्यात, जिथे ‘सी-५०४’च्या पुढे फक्त टँकरचं चिन्ह आहे आणि तेच माहिती सांगतं. पानाला भाषा मराठी दिली आहे ना तेही बघा. तिथे इंग्रजी राहिली असेल तर स्क्रीन रीडर मराठी लेबलाला इंग्रजी आवाज लावू शकतो.

बोटासाठी जागा बटणाने द्यायची. डब्ल्यूसीएजी २.२ किमान २४ गुणिले २४ पिक्सेल मागतं, अँड्रॉइडची शिफारस ४८ची आहे. सोसायटीच्या ॲपमध्ये आजी-आजोबाही असतात, ४८च धरा. पॅडिंग बटणावर लावा. टॅगवर लावलंत तर उभी जुळणी बिघडते.

चित्रांचा साठा कुठे

चाळीस-पन्नास चिन्हं असतील तर फार विचार करू नका, एका जावास्क्रिप्ट मॉड्यूलमध्ये नाव आणि आतला मजकूर असा तक्ता ठेवा. धुतलेलं एक चिन्ह साधारण ३०० बाइटचं धरलं तर ४० चिन्हं १२ केबीत बसतात, तेही कॉम्प्रेशनच्या आधी. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये नेटवर्क जात-येत असतं, तिथे प्रत्येक चिन्हासाठी वेगळी विनंती परवडत नाही. आयकॉन-फॉन्टही याच कारणाने टाळा. फॉन्ट पोहोचला नाही, तर लिगेचरवर चालणाऱ्या (नावाची अक्षरं जोडून चित्र दाखवणाऱ्या) फॉन्टमध्ये चित्राऐवजी त्याचं इंग्रजी नावच मराठी ओळीत उघडं पडतं.

शेकडो चिन्हं झाली तरच फाइली वेगळ्या करून मागणीप्रमाणे ‘फेच’ करा. तेव्हा कॅशमध्ये आलेला मजकूर न ठेवता प्रॉमिस, म्हणजे अजून यायच्या उत्तराची पावती, ठेवा. मजकूर ठेवलात तर तो येईपर्यंत त्याच नावाचे आणखी पन्नास टॅग पन्नास विनंत्या पाठवून मोकळे होतात. विनंती फसली तर प्रॉमिस कॅशमधून काढून टाका, नाहीतर एकदा हुकलेलं चिन्ह पान पुन्हा लोड करेपर्यंत येत नाही. आणि उत्तर आल्यावर टॅगचं नाव अजून तेच आहे का हे तपासूनच चित्र भरा. ‘टँकर वाटेत’वरून ‘टँकर आला’ असं नाव बदललं आणि पहिलं उत्तर उशिरा पोहोचलं, तर जुनं चित्र नव्यावर येऊन बसतं.

नाव छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढ्याच चिन्हांचं आहे ना, हे यूआरएल जोडण्याआधी तपासा. सभासदाने अपलोड केलेली एसव्हीजी या टॅगमध्ये कधीही भरू नका. ‘इनरएचटीएमएल’मधून आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ‘ऑनएरर’सारख्या ॲट्रिब्यूटमधला कोड चालतो.

स्प्राइट (सगळी चिन्हं एकाच एसव्हीजीत) वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: पानात ठेवलेलं चिन्ह शॅडो रूटमधल्या `यूज`ला नुसत्या आयडीने सापडत नाही, आयडीची हद्द शॅडो रूटपुरतीच असते. बाहेरच्या फाइलचा पत्ता दिला तर चालतं, पण ती फाइल आपल्याच डोमेनवर हवी. सीडीएनवर, म्हणजे दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हरवर, ठेवली की चिन्हं गायब.

वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक अशी. साध्या एचटीएमएलमध्ये कुणी तरी टॅग तिरक्या रेघेने जागीच बंद करतो, रिॲक्टमध्ये करतात तसा. एचटीएमएलला ते मान्य नाही. त्याच्या दृष्टीने टॅग उघडाच राहतो आणि पुढचा मजकूर त्याचं अपत्य होतो. आपल्या शॅडो रूटमध्ये स्लॉट (अपत्य दाखवायची जागा) नाही, म्हणून ते अपत्य दिसत नाही. पडद्यावर टँकरचं चिन्ह दिसतं आणि त्यानंतरचं अर्धं पान नाहीसं. कन्सोल मात्र स्वच्छ. बंद करणारा टॅग पूर्ण लिहायचा, हे पहिल्याच ओळीत लिहून द्या.

व्ह्यूच्या कंपायलर सेटिंगमध्ये ‘इज-कस्टम-एलिमेंट’ला आपलं नाव सांगावं लागतं, अँग्युलरमध्ये ‘कस्टम एलिमेंट्स स्कीमा’ जोडावा लागतो. रिॲक्टने डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या १९व्या आवृत्तीत कस्टम एलिमेंटना पूर्ण आधार दिला. त्याआधीच्या आवृत्त्यांत सगळं ॲट्रिब्यूट म्हणूनच जातं. आपली दोन्ही ॲट्रिब्यूटं साधा मजकूर असल्यामुळे तिथेही काही अडत नाही, फक्त ‘क्लासनेम’ऐवजी ‘क्लास’ लिहावं लागतं.

चिन्हाचं नाव बदलायचं झालं तर जुनं नाव तक्त्यात नव्याकडे वळवून ठेवा आणि कन्सोलवर सूचना द्या. वॉचमनच्या टॅबवरचं ॲप महिनोन्महिने अपडेट होत नाही, जुनं नाव लगेच उडवलं तर गेटवर रिकामे चौकोन दिसतात.

पुढच्या तपासण्या खऱ्या उपकरणावर करा: फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून, डार्क मोडमध्ये, उन्हात, टॉकबॅक चालू ठेवून. आणि बिलाचं एक पान खरोखर छापून बघा. मास्क आणि पार्श्वभूमीच्या रंगातून बनवलेले आयकॉन कागदावर येत नाहीत, कारण ब्राउझर पार्श्वभूमी छापायचं मुळातच टाळतो. आपली एसव्हीजी रेषांची असल्यामुळे ती छापली जाते. डार्क मोडमध्ये असताना छापलं तर मात्र मजकूर आणि आयकॉन दोन्ही फिकट येतात, म्हणून छपाईच्या सीएसएसमध्ये बॉडीचा रंग काळा करा. आयकॉनला वेगळं काही सांगावं लागत नाही, तो ओळीबरोबर काळा होतो.